उंद्रीत आवाज आला नाही

११ जानेवारी २०२५, शनिवार

ही वही सॉफ्टवेअरच्या चुका लिहून ठेवाले आणली, माह्या नाही. माह्या चुका सांगाले घरात जनकाबाई आहे. जनकाबाई म्हणजे माही माय. तिचा राग आला की मी तिले नावानं लिहितो.

आज सहा तास बसलो. हे सॉफ्टवेअर असं, की पडद्यावर चौकोन काढाचे, एका चौकोनातून दुसऱ्यात वायरी ओढाच्या, अन् शेवटच्या चौकोनातून गाणं निघालं पाहिजे. आयतं काहीच नाही, सगळं आपणच बांधाचं. पुण्याच्या स्टुडिओत सहा वर्षं हेच केलं. तिथं माह्या वायरींले कोणी नाव ठेवलं नाही, पण तोंडातून "मले" निघालं की अख्खा स्टुडिओ हसे. एक जण म्हणायचा, "तुम्ही लोक गाता बरं, बोलता मात्र..." अन् पुढचं वाक्य गिळायचा. मंग मी "मला, तुला" शिकलो. त्यांनी मले काढलं तेव्हा मी अगदी शुद्ध बोलत होतो.

तर आज आवाजच निघेना. सगळ्या वायरी तपासल्या. शेवटी कळलं की सॉफ्टवेअर चालू झालं तरी त्याचा आवाज बंदच असतो. कोपऱ्यातल्या एका बारक्या चौकटीत टिक करा, तेव्हा तो सुरू होते. असं कोण बनवते बापा? लिहून ठेवतो: पहिलं काम, टिक.

१४ जानेवारी, मंगळवार

आबांच्या कॅसेटी सगळ्या उतरवून झाल्या. एकतीस गाणी. दोन कॅसेटींत बुरशी होती, त्या गेल्या.

आबा म्हणजे माहा बाप, भाऊराव. चाळीस वर्षं गायन पार्टी चालवली. धाड गावापासून जाफराबादपर्यंत कोणत्याही वस्तीत जयंतीले भाऊरावांची पार्टी आली की लोकं जेवण सोडून येत. दोन वर्षांपाहिले गळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं स्वरयंत्रच काढलं. आता गळ्याले एक भोक आहे, त्यावर पांढरा रुमाल बांधतात, अन् बोलाचं असलं की खिशातल्या वहीत लिहितात. तेव्हापासून कोणत्या कार्यक्रमाले गेले नाहीत. गेले तरी मागं, चपला असतात तिथं बसून येतात.

मी काय करून राह्यलो ते लिहितो, म्हणजे उद्या कोणी श्रेय घ्याले आलं तर पुरावा राहीन. प्रत्येक गाण्याची एक-एक ओळ कापली. पायाखाली एक पेडल. पेडल दाबलं की पुढची ओळ निघते, आबांच्या जुन्या आवाजात. ढोलकीवाला थांबला तर मशीन थांबते, आबांनी पेटीवर जास्त वेळ घोळवलं तर वाट पाहते. म्हणजे आबा स्टेजवर बसतीन, पेटी वाजवतीन, अन् आवाज त्यांचाच. ७ फेब्रुवारीले उंद्रीत रमाई जयंतीचा कार्यक्रम आहे. तिथल्या कमिटीच्या शंकररावांनी हो म्हटलं.

आबांले सांगतलं. त्यांनी वहीत लिहिलं, "उंद्रीत मले कितीक जन ओळखतीन आता?"

मी म्हटलं, "सगळे."

त्यांनी ते पान फाडून खिशात ठेवलं.

२२ जानेवारी, बुधवार

धाडले शाकिरच्या दुकानात ट्रायल घेतली. शाकिर माहा पाचवीपासूनचा दोस्त. त्याचे वडील कय्यूम चाचा, त्यांचं साउंड सर्व्हिसचं दुकान स्टँडपाशी. आम्ही दोघं सुट्टीत चाचांसंग लग्नात स्पीकर लावाले जायचो. आता दुकान शाकिर पाहते. उंद्रीची लाईन तोच टाकणार आहे.

लॅपटॉपचा आवाज मोठ्या स्पीकरात न्याले मधे एक साउंड कार्डाचा डबा लागते. मी पुण्यातून येताना जुना विकत आणला. घरी लॅपटॉपच्या स्पीकरवर सगळं ठीक चालते, पण दुकानात डबा जोडला अन् आवाज मेला. टिक केली होती. वायरी बरोबर. खाली लाल अक्षरात येते, आवाजाचं साधन उघडता आलं नाही. तीनदा बंद केलं, तीनदा चालू केलं, अन् तिन्ही वेळा नियमानं. चाचांनी आम्हाले लहानपणीच शिकवलं होतं: स्पीकरले जोर देणारं मशीन, म्हणजे अँप्लिफायर, सगळ्यात शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद, नाहीतर धप्पकन आवाज होऊन स्पीकरचा पडदा फाटते. ते मी आजपर्यंत पाळतो. पुण्यातही पाळलं.

शाकिर म्हणे, "संघ्या, पयले डब्बा चालू करून पाह्य नं बे. मंग लॅपटॉपमधलं उघड."

मी म्हटलं, "हे लग्नाचं माईक नाही लेका. तुले वाटते तसं नसते ते."

"बरं बापा," म्हणे, अन् चहा सांगाले गेला. चांगला आहे, पण जे समजत नाही त्यात नाक खुपसाची सवय त्याची जुनी आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

जमलं! जमलं! जमलं!

काल घरी बसून एक आकडा बदलला होता. सेकंदाले आवाजाचे किती तुकडे घ्याचे, त्याचा तो आकडा. चव्वेचाळीस हजार शंभर होता, अठ्ठेचाळीस हजार केला. आज दुकानात गेलो, लॅपटॉप उघडला, टिक केली, पेडल दाबलं, अन् आबांचा आवाज चार स्पीकरांतून असा निघाला की समोरचा टायरवाला बाहेर आला. डबा मागच्या वेळेपासून दुकानातच ठेवला होता, अन् मी गेलो तेव्हा डब्याचा दिवा लागलेलाच होता. त्यावरून शाकिरले बोललोसुद्धा, विनाकारण तापते, वस्तू माही आहे. तो नुसता हसला. "जमलं नं? बस झालं मंग."

कय्यूम चाचा आत नमाजची टोपी काढून ठेवून राह्यले होते. आवाज ऐकून बाहेर आले, "भाऊराव?" म्हणाले, अन् स्पीकरच्या खोक्यावरच बसले. डोळे पुसत होते. मलेही रडू आलं, ते मी लपवलं नाही.

लिहून ठेवतो: दोष आकड्याचा होता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आबा रोज सकाळी दोन तास पेटी घेऊन बसतात. ढोलकीवाले तुळशीराम काका दोनदा येऊन गेले. मायनं पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीवर लावला, त्याले कोणी हात लावू नये म्हणून वरून ओढणी टाकली. काल आबांनी दाढी केली, आज पुन्हा केली. कार्यक्रम शुक्रवारी आहे.

आज लिहून विचारलं, "आवाज मधीच बंद पडला तं?"

मी म्हटलं, "आबा, मी हाय नं."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजच लिहून ठेवतो, कारण उद्या सगळे आपल्या-आपल्या मनानं सांगतीन.

अकरा वाजता शाकिरनं लाईन टाकली, डबा-बिबा त्यानंच जोडला, मी तेव्हा शंकररावांसंग बोलत होतो. चेक केलं, आवाज मस्त. पाऊण वाजता तो म्हणे, "जुम्मा हाय, मी नमाज पढून येतो. तोवर काही बंद-चालू करू नको. हाय तसंच राहू दे." अन् गेला. ऐन टायमाले गेला.

दीडले लाईट गेली. जनरेटर लावलं. डबा बंद पडला होता, म्हणून मी सगळं पहिल्यापासून नीट केलं. डब्याचं बटण बंद. सॉफ्टवेअर बंद. मंग सॉफ्टवेअर चालू, टिक, अन् डबा सगळ्यात शेवटी. आवाज नाही. पुन्हा केलं. नाही.

तोवर दोन वाजले. मंडप भरला. बाया पांढऱ्या लुगड्यांत पुढं बसलेल्या. शंकररावांनी माईकवर सांगतलं, "आज आपले भाऊराव पुन्हा गाणार!" टाळ्या काय वाजल्या! आबा स्टेजवर बसले, पेटी उघडली, गाण्याची सुरुवातीची चाल वाजवली, अन् माह्याकडं पाह्यलं. मी पेडल दाबलं.

काही नाही.

आबांनी चाल पुन्हा घेतली. तुळशीराम काकांनी ढोलकी घोळवली. मी डबा बंद केला, सॉफ्टवेअर बंद केलं, चालू केलं, टिक, डबा शेवटी. नाही. पुन्हा. नाही. चार वेळा केलं, एकही पायरी चुकलो नाही, आईची आण. आबा चाल वाजवतच होते. अकरा वेळा वाजवली, मी मोजली. पोट्टे हसाले लागले. मागून कोणी तरी म्हणे, "म्हणा नं बुवा, किती वाजवता!" त्याले माहीत नसन. आबांनी गळ्याचा रुमाल वर ओढला.

तेवढ्यात शाकिर आला, डोक्याले रुमाल तसाच, धावत. काही विचारलं नाही, सरळ डब्याकडं हात घातला. मी त्याचं मनगट धरलं. मंग माह्या तोंडातून जे निघालं ते असं, खोटं कशाले लिहू: "तूच काही काढून गेला! आमचा कार्यक्रम म्हटला की तुमच्या लोकांले नमाज सुचते. तुमच्या लोकांच्या भरवशावर राह्यलो हेच चुकलं!"

शंकररावांचा माईक टेबलावर चालूच होता.

चारही स्पीकरांतून गेलं ते. रस्त्यावरच्या जीपा थांबल्या, असं माय सांगते. शाकिरनं मनगट सोडवून घेतलं, डोक्याचा रुमाल काढला, घडी केली, खिशात ठेवला. आबांनी पेटीचा भाता लावला अन् उठले.

पुढं देऊळगावच्या पोरींची पार्टी गायली, पाच वाजेपर्यंत. त्याच लाईनवर, त्याच स्पीकरवर. शाकिर शेवटपर्यंत मिक्सरपाशी उभा होता. माह्याकडं एकदाही पाह्यलं नाही. पाहीन कसा, लाईन त्याची होती.

८ फेब्रुवारी, शनिवार

माईक चालू होता हे मले कसं माहीत असणार? घरी दोघं माह्यासंग धड बोलत नाहीत. आबा तर बोलतच नाहीत, पण आता वहीही काढत नाहीत.

माय म्हणे, "माईक चालू व्हता तं लाईन चालूच व्हती नं बापा? मंग त्या पोरानं काय बिघडवलं?"

तिले यातलं काय कळते. मी म्हटलं, "तू सैपाक कर."

९ फेब्रुवारी, रविवार

परदेशातल्या लोकांचा एक गट आहे, हेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा. तिथं इंग्रजीत सगळं लिहून टाकलं, प्रत्येक पायरी. म्हटलं, पाहू द्या जगाले की मी कुठं चुकलो नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर आलं. कोण आहे, कुठचा आहे, माहीत नाही. दोनच ओळी. डबा आधी चालू करा, मग सॉफ्टवेअर. उघडताना समोर जे चालू दिसते तेवढंच त्याले माहीत असते, मागून आलेल्याले ते ओळखत नाही.

मी घरच्या जुन्या स्पीकरले डबा जोडला अन् तो आधी चालू केला. मंग सॉफ्टवेअर. टिक. पेडल.

आला आवाज. सगळ्या घरात आला.

वहीची मागची पानं पाह्यली. २२ तारखेले माह्याच अक्षरात लिहिलेलं आहे, शाकिर काय म्हणाला ते. २८ तारखेलेही आहे, डब्याचा दिवा लागलेलाच होता. आकड्यानं काही झालं नव्हतं. त्यानं मले न सांगता डबा आधी चालू करून ठेवला होता, अन् मी त्याले वरून बोललो. उंद्रीतही त्यानंच केलं होतं, म्हणून अकरा वाजता आवाज मस्त होता. हाय तसंच राहू दे म्हणे. अन् मी चार वेळा डबा आधी बंद करत गेलो, शेवटी चालू करत गेलो, मोठा नियमाचा पक्का. स्पीकरच्या मशीनचा नियम डब्याले लावला. चाचांचा नियम वापरून चाचांच्याच पोराले स्टेजवर नागवं केलं मी. थू माह्या तोंडावर.

आबा दारात उभे होते. गाणं संपेपर्यंत ऐकलं. मंग कितीतरी दिवसांनी वही काढली. "काय झालं व्हतं?"

सांगतलं सगळं. वाटलं, मारतीन. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पेन खिशाले लावला अन् गोठ्याकडं गेले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी आबांनी वही पुढं केली. "मशीनीत माहा आवाज हाय नं? त्यातून 'शाकिर, माफ कर' एवढं काढून दे. मी त्याच्या घरी घेऊन जातो."

मी बसलो. एकतीस गाणी, एक-एक ओळ ऐकली. शिका आहे. उठा आहे. चला आहे, किती तरी वेळा. झुकणार नाही हे चार गाण्यांत आहे. माफ कुठंच नाही. आबांनी चाळीस वर्षांत कोणाची माफी मागणारं गाणं गायलंच नाही. कशाले गातीन?

मंग तुकडे जोडले. "माय"मधला मा, "फौज"मधला फ, "कर" तेवढं अख्खं सापडलं. शाकिरच्या नावाले शाळेतला शा घेतला. एक वरच्या पट्टीतला, एक खालच्या, एकात मागं टाळ्या. ऐकवलं. माणसाचा आवाजच वाटेना तो. माय चुलीपाशी होती, म्हणे, "बंद कर ते, मले भेव लागते."

आबांनी लॅपटॉपचं झाकण स्वतः लावलं. लिहिलं, "राहू दे. तू जाय. तुले तं बोलता येते."

मी म्हटलं, "पाहू."

१६ फेब्रुवारी, रविवार

तीन दिवस पाहूच म्हणत होतो. आज आबा तो पांढरा सदरा घालून माह्या गाडीपाशी येऊन उभे राह्यले. कुठं म्हणून विचाराची गरज नव्हती.

धाडले स्टँडपाशी गाडी लावली, दुकानाच्या समोर, रस्त्याच्या अल्याड. आबा उतरले. मले हातानं खूण केली, चल. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं, मी गाडी पाहतो." गाडी काय कोणी उचलून नेणार होतं? आबा माह्याकडं पाहत राह्यले. मंग एकटेच रस्ता ओलांडून गेले.

शाकिर वायरीचं बंडल गुंडाळत बसला होता. आबा दुकानाच्या पायरीपाशी उभे राह्यले अन् दोन्ही हात जोडले. वही काढली नाही, काही नाही, नुसते हात जोडून उभे. सत्तर वर्षांचा माणूस. शाकिर असा काही उठला की बंडल रस्त्यावर घरंगळत गेलं. त्यानं आबांचे हात धरले, खाली करून राह्यला, अन् आबा पुन्हा जोडून राह्यले. मंग कय्यूम चाचा आतून आले, त्यांनी आबांले गळ्याशी लावलं. तिघं आत बसले. चहा आला. मी इकडं मोबाईल पाहत होतो. मोबाईलात काही नव्हतं.

अर्ध्या तासानं आबा बाहेर आले. माह्या गाडीपाशी आले, थांबले नाहीत. आमच्या गावची जीप भरून राह्यली होती, तिच्यात मागं जाऊन बसले. जीपवाल्यानं माह्याकडं पाह्यलं, आबांकडं पाह्यलं, अन् मागची फळी लावली.

जीप गेली तेव्हा शाकिर दुकानाच्या पायरीवर आला. तोंडाजवळ हात धरून त्यानं आवाज दिला, "संघ्या! अबे संघ्या, चहा पे नं! असा काऊन उभा बे तिकडं?"

मधून एसटी चालली होती, भाजीवाले ओरडत होते, कोणाचा तरी हॉर्न अडकला होता. मी आयकू न आल्यासारखं केलं, मान खाली घातली, किक मारली अन् निघून आलो.

त्याचा शब्द न् शब्द मले आयकू आला होता.